टेस्ट दिली, रिपोर्ट यायचाय: मधल्या दिवसांत विद्यार्थ्यांनी काय करायचं?



जानेवारी २०२२ उजाडला आणि कोरोना पुन्हा घरोघरी डोकावू लागला. गोव्यात शाळा-कॉलेजं २६ तारखेपर्यंत बंद होती. १५ ते १८ वर्षांच्या मुलांची लस ३ तारखेपासून सुरू झाली होती. तरी मुलांचं एकमेकांकडे येणं-जाणं काही थांबत नव्हतं. ताप-खोकला आला की आपण टेस्ट करून घेतो, ते बरोबरच. पण पुढे? "रिपोर्ट कुठे आलाय अजून!" म्हणत मुलगा संध्याकाळी जेटीवर बर्फ उतरवायला हजर.

इथेच घोळ होतो. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून आणि नंतरच्या पहिल्या काही दिवसांत हा आजार सगळ्यात जास्त पसरतो. म्हणजे रिपोर्टची वाट बघतो तेच दिवस धोक्याचे. म्हणून नियम एकच: रिपोर्ट हातात येईपर्यंत आपण पॉझिटिव्ह आहोत असं धरून चालायचं.

कुठली टेस्ट झाली ते विचारून घ्या

रॅपिड अँटिजेनचा निकाल अर्ध्या तासात कळतो. ती पॉझिटिव्ह आली तर पॉझिटिव्हच. पण ताप-खोकला असून निगेटिव्ह आली तर सुटलो असं समजू नका, कारण विषाणू कमी असेल तर ती चुकते. अशा वेळी आरटीपीसीआर करावी लागते. तिचा नमुना लॅबमध्ये जातो, म्हणून दिवस-दोन दिवस लागतात. गर्दी असली तर जास्तही. टेस्ट देताना मोबाईल नंबर बरोबर लिहा, मेसेज त्यावरच येतो.

घर लहान असेल तर

वेगळी खोली सगळ्यांकडे नसते. मग असं करा:

• मुलाचं अंथरूण खिडकीजवळ किंवा पडवीत घाला. हवा खेळती राहते.
• आजी-आजोबा, शुगर-प्रेशरवाली माणसं आणि गरोदर बाई यांना त्याच्यापासून लांब झोपवा.
• घरात असताना त्याने आणि त्याला जेवण देणाऱ्याने, दोघांनीही मास्क लावावा. ओला झालेला मास्क लगेच बदला.
• ताट, पेला, टॉवेल वेगळा. संडास-बाथरूम एकच असेल तर त्याने सगळ्यांच्या शेवटी वापरावं.
• अभ्यासाचा मोबाईल घरात एकच असेल तर हात बदलताना पुसून घ्या.

जाळी शिवायला, मासळी निवडायला, आईबरोबर बाजारात पाटी घेऊन जायला या दिवसांत मुलांना लावू नका. ट्यूशनच्या सरांना आणि जवळ बसलेल्या मित्रांना मात्र फोन करून सांगा. लपवण्यासारखं यात काही नाही.

बाबा किंवा भाऊ समुद्रात जाणार असेल तर

ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. ट्रॉलरच्या केबिनमध्ये खलाशी खांद्याला खांदा लावून झोपतात, एकाच टोपातलं जेवतात. एक जण आजारी पडला की सगळे सापडतात. दूर समुद्रात कोणाला दम लागला तर तिथे ना डॉक्टर ना ऑक्सिजन, आणि किनारा काही तासांवर. म्हणून घरात रिपोर्ट बाकी असेल तर निघण्याआधी तांडेलाला सांगा आणि ती फेरी चुकवा. बोटमालकांनीही अशा खलाशाला पुढच्या फेरीत परत घ्यावं. काम जाईल ही भीती असेल तर कोण कशाला खरं सांगेल?

औषध आणि लक्ष

भरपूर पाणी, पेज, विश्रांती. तापाला पॅरासिटामॉल, डोस डॉक्टरांना विचारून. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने देऊ नका. लक्षणं कधी सुरू झाली ती तारीख आणि रोजचा ताप वहीत लिहायला मुलालाच सांगा.

ऑक्सिमीटर असेल तर दिवसातून दोन-तीनदा बघा. बोट कोरडं आणि ऊबदार हवं, नेलपॉलिश किंवा मेंदी नको, नाहीतर आकडा चुकतो. ९४ च्या खाली आकडा राहिला, दम लागला, छातीत दुखलं, मूल गोंधळल्यासारखं करू लागलं, तर रिपोर्टसाठी थांबायचं नाही. लगेच १०८ ला फोन करा. १०० च्या वर ताप तीन दिवसांत उतरला नाही तरी डॉक्टरांना दाखवा.

रिपोर्ट आल्यावर

पॉझिटिव्ह: जानेवारी २०२२ च्या नियमाप्रमाणे टेस्ट झाल्यापासून किमान ७ दिवस वेगळं राहायचं होतं, आणि शेवटचे तीन दिवस ताप नसायला हवा होता. त्यानंतर परत टेस्टची गरज नव्हती. घरातल्या इतरांनीही घरीच राहून तब्येतीवर लक्ष ठेवायचं.

निगेटिव्ह: ताप-खोकला जाईपर्यंत घरीच. घरात दुसरं कोणी पॉझिटिव्ह असेल तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून बाहेर पडू नका.

दोन दिवस घरी बसल्याने अभ्यास बुडत नाही, एका फेरीने घर बसत नाही. ही माहिती आपल्या मुलांना वाचायला द्या आणि बोटीवरच्या ग्रुपवरही टाका.