नोड.जेएसमधील परिवेश-चल आणि क्लाउड सेवांच्या गुप्त किल्ल्या

प्रस्तावना :
क्लाउड सेवा वापरणाऱ्या प्रत्येक प्रणालीस सेवादात्याकडे आपली ओळख पटवावी लागते. त्यासाठी मिळालेली गुप्त किल्ली ज्याच्या हाती पडेल, त्यालाच सेवादाता अधिकृत धारक मानतो. २०१६ मध्ये उबर कंपनीच्या गिटहबवरील खाजगी संग्रहात हल्लेखोर शिरले. तेथील प्रोग्राममध्ये लिहिलेली अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची किल्ली त्यांना मिळाली आणि सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती गेली. किल्ली प्रोग्रामबाहेर का व कशी ठेवावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
परिवेश-चल, अर्थात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ही संकल्पना १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून रूढ झाली. प्रोग्राम सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम त्यास नाव व मूल्य अशा जोड्यांची यादी देते. रायन डाल यांनी २००९ मध्ये निर्माण केलेल्या नोड.जेएसमध्ये ही यादी 'प्रोसेस.एन्व्ह' या ऑब्जेक्टमधून वाचता येते. अशा रीतीने प्रोग्राममध्ये केवळ किल्लीचे नाव राहते, मूल्य बाहेरून येते. संपूर्ण प्रोग्राम याक्षणी सार्वजनिक केला तरी कोणतेही गुपित उघड होणार नाही, ही या विभाजनाची कसोटी होय.

कार्यपद्धती :
१) विकासकाच्या संगणकावर ही मूल्ये 'डॉट एन्व्ह' फाइलमध्ये ठेवतात. ती वाचण्यासाठी पूर्वी 'डॉटएन्व्ह' हे पॅकेज लागे. २०२३ मधील नोड २०.६ आवृत्तीपासून ही सोय नोडमध्येच उपलब्ध झाली.
२) या फाइलचे नाव 'गिटइग्नोअर' यादीत आरंभीच नोंदवावे. सहकाऱ्यांसाठी केवळ नावे असलेली नमुना फाइल संग्रहात ठेवावी.
३) प्रत्यक्ष सर्व्हरवर मूल्ये तेथील व्यवस्थेतूनच द्यावीत. चाचणीची व प्रत्यक्ष वापराची किल्ली वेगळी असावी.
४) आवश्यक मूल्य नसल्यास प्रोग्रामने आरंभीच स्पष्ट संदेश देऊन थांबावे. सर्व मूल्ये अक्षरमालेच्या स्वरूपात येतात. त्यामुळे 'फॉल्स' असे लिहिलेले मूल्यही जावास्क्रिप्टच्या तर्कात सत्य ठरते, हे ध्यानात ठेवावे.

मर्यादा :
परिवेश-चल ही तिजोरी नव्हे. त्यातील मूल्ये कूटबद्ध नसतात आणि प्रोग्रामने सुरू केलेल्या उपप्रक्रियांनाही ती सामान्यतः वारशाने मिळतात. त्रुटी-नोंदीत संपूर्ण यादी छापली गेल्यास किल्ली उघड होते. ब्राउझरकडे पाठविल्या जाणाऱ्या प्रोग्राममध्ये मूल्य समाविष्ट झाले, तर ते कोणासही वाचता येते. एकदा गिटमध्ये नोंदलेली किल्ली पुढे खोडली तरी इतिहासात शिल्लक राहते. म्हणून ती प्रथम सेवादात्याकडे रद्द करणे हाच खरा उपाय होय. सर्व्हर स्वतः क्लाउडमध्येच असेल, तर त्यास मर्यादित अधिकारांची भूमिका नेमून द्यावी. मग अल्पमुदतीची ओळखपत्रे आपोआप मिळतात व कायमस्वरूपी किल्लीची गरजच उरत नाही.

समारोप :
परिवेश-चलामुळे गुपित प्रोग्रामपासून वेगळे होते, परंतु त्याच्या रक्षणाची जबाबदारी संपत नाही. विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासताना केवळ कार्यक्षमता न पाहता किल्ली कोठे ठेवली आहे, हेही प्राध्यापकांनी पाहिले, तर ही शिस्त व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांच्या अंगवळणी पडेल.