डेस्कटॉप प्रणालीच्या वितरणात प्लगइन फाइलींचे स्थान : एक विवेचन

प्रस्तावना :
प्रणाली तयार करणाऱ्याच्या संगणकावर निर्दोष चालणारी संगणक प्रणाली दुसऱ्या संगणकावर उघडतही नाही, असे अनेकदा घडते. या दोषाचे एक प्रमुख कारण म्हणजे वितरणसंचात प्लगइन फाइलींचा समावेश नसणे. प्रस्तुत लेखात क्यूटी या घटकसंचाच्या आधारे या कारणाचे विवेचन केले आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात विकसित झालेली ओस्डॅग ही मुक्त प्रणाली याच घटकसंचावर उभी आहे. आयएस 800:2007 या मानकानुसार पोलादी संरचनांचे आरेखन करणारी ही प्रणाली अभियांत्रिकी शिक्षणात उपयुक्त असल्याने हा विषय अध्यापकांच्याही जिव्हाळ्याचा ठरतो.

दोषाचे स्वरूप :
प्रणालीला लागणाऱ्या ग्रंथालय-फाइली दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारातील फाइलींची नावे मुख्य फाइलीतच नोंदलेली असतात. त्यामुळे तपासणी साधनांना त्या सापडतात. प्लगइन मात्र प्रणाली सुरू झाल्यावर गरजेनुसार शोधले जातात. त्यांची नोंद मुख्य फाइलीत नसल्याने ते संचातून सहज निसटतात.

विंडोजवर क्यूटी 5 पासून पडद्यावर खिडकी उघडण्याचे कामही 'क्यूविंडोज' नावाच्या प्लगइनकडे आहे. ते 'प्लॅटफॉर्म्स' या उपफोल्डरमध्ये नसेल, तर प्रणाली सुरूच होत नाही. हा दोष निदान लगेच कळतो. जेपीईजी चित्रांचे प्लगइन राहून गेल्यास मात्र प्रणाली चालते आणि चित्रांची जागा रिकामी राहते. एसक्यूलाइटचे प्लगइन नसल्यास त्या विदासंचाशी जोडणी होत नाही. असे मूक दोष अधिक घातक होत.

उपाययोजना :
विंडोजसाठी 'विनडिप्लॉयक्यूटी' हे साधन आवश्यक प्लगइन योग्य उपफोल्डरांत ठेवते; मॅकसाठी 'मॅकडिप्लॉयक्यूटी' आहे. फोल्डरांची रचना वेगळी ठेवावयाची असल्यास 'क्यूटी.कॉन्फ' फाइलीत मार्ग नमूद करता येतो. प्लगइन व मुख्य ग्रंथालये एकाच आवृत्तीची असावीत; चाचणी-बांधणी व अंतिम बांधणी यांची सरमिसळ करू नये. एलजीपीएल परवान्याखाली क्यूटी वापरल्यास परवान्याचा मजकूरही सोबत द्यावा लागतो.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे चाचणी. विकसकाच्या संगणकावर क्यूटी आधीच असल्याने उणीव झाकली जाते. म्हणून क्यूटी कधीही न बसवलेल्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून, प्रत्येक सुविधा तपासावी.

निष्कर्ष :
तुळजापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पेन ड्राइव्हवरून प्रणाली बसवणाऱ्या अध्यापकासमोर तासिकेला जमलेले विद्यार्थी असतात. राहिलेली फाइल शोधण्यास त्याच्याजवळ वेळ नसतो. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचे मूल्यमापन करतानाही प्रणाली त्यांच्याच संगणकावर न पाहता कोऱ्या संगणकावर चालवून घ्यावी. वितरणसंचाची पूर्णता हा प्रणालीच्या गुणवत्तेचाच भाग होय.