नावे कितीही, काम कोणते?

'प्लगमध्ये पिन घाल,' असे आपण घरी सहज म्हणतो. पुस्तकात मात्र भिंतीवरच्या भागाला सॉकेट म्हणतात आणि आपण जिला पिन म्हणतो तो प्लग असतो. विजेच्या सामानाच्या दुकानात त्याच प्लगचा 'थ्री पिन टॉप' होतो. स्क्रू फिरवण्याचे साधन हिंदीत पेचकस, तर गुजरातीत डिसमिस. आपला पाना इंग्लंडमध्ये स्पॅनर आणि अमेरिकेत रेंच.

यात चूक कोणाचीच नाही. गैरसमज झाला तर फार तर दुकानात दुसरी खेप पडेल. विजेच्या तारांच्या बाबतीत मात्र नावांचा घोळ जिवावर बेतू शकतो.

तीन पिनांच्या सॉकेटला तीन तारा येतात : फेज, न्यूट्रल आणि अर्थ. फेजला कोणी 'लाइव्ह' म्हणतात, अर्थला अमेरिकेत 'ग्राउंड' म्हणतात. इथवर ठीक आहे. पण बोलण्याच्या ओघात कोणी न्यूट्रललाच 'अर्थिंग' म्हणून जातो. 'रोहित्राजवळ न्यूट्रलही जमिनीला जोडलेली असते, मग फरक काय?' असे एखादा विद्यार्थी विचारील. प्रश्न रास्त आहे. फरक कामाचा आहे. उपकरण चालू असताना न्यूट्रलमधून प्रवाह परत जातो. अर्थमधून एरवी प्रवाह जात नाही. फेज उपकरणाच्या धातूच्या भागाला चिकटली, तरच अर्थ त्या प्रवाहाला सोपी वाट देते आणि फ्यूज उडतो.

समजा, नावाला फसून कोणी इस्त्रीचा धातूचा भाग न्यूट्रललाच जोडला. पुढे ती न्यूट्रल कोठेतरी तुटली, तर परतीची वाट बंद होते. इस्त्री तापत नाही. पण फेज तापणाऱ्या तारेतून त्या धातूपर्यंत पोचलेली असते. 'इस्त्री बंद पडली वाटते,' म्हणून हात लावणाऱ्याला २३० व्होल्टचा धक्का बसतो.

रंगांवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. आपल्याकडे घरच्या वायरिंगमध्ये सहसा लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थची. उपकरणांच्या वायरमध्ये हेच रंग अनुक्रमे तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा असे असतात. अमेरिकेत मात्र काळी तार फेजची! म्हणजे रंग हेही एक स्थानिक नावच.

वर्गात हे कसे शिकवावे? कशालाही न जोडलेला एक सुटा प्लग आणावा आणि मुलांना पिनांची लांबी व जाडी मोजू द्यावी. वरची पिन अर्थची. ती लांब असते, म्हणून आधी जोडली जाते आणि शेवटी सुटते. जाड असते, म्हणून दुसऱ्या भोकात शिरत नाही. मग मुलांनी घरी वापरली जाणारी नावे फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येक नावासमोर 'हा भाग काय करतो?' याचे उत्तर लिहावे. भिंतीवरच्या सॉकेटला मात्र कोणी हात लावू नये.

घरची नावे पुसून टाकण्याची गरज नाही. त्यांच्याशेजारी काम लिहिले, की आपले काम झाले.