मोकळा भात, चिकट भात

टोकियोतल्या असाकुसाहून निघून तातेबायाशीला गाडी बदलली की तोबू रेल्वेचा एक छोटा फाटा निशी-कोइझुमी स्थानकात संपतो. गुन्मा प्रांतातलं हे ओइझुमी शहर. स्थानकाबाहेर पडताच दुकानांच्या पाट्यांवर जपानीच्या जोडीला पोर्तुगीज अक्षरं दिसू लागतात. किराणा दुकानात काळ्या घेवड्याची पाकिटं, कसाव्याचं पीठ, ग्वाराना या शीतपेयाच्या हिरव्या बाटल्या आणि गोव्यातल्या पेराडची आठवण करून देणारी पेरूची घट्ट वडी मिळते. सुमारे ४२ हजार वस्तीच्या या शहरात साधारण दहातला एक माणूस ब्राझीलचा आहे. यांतल्या अनेकांची आडनावं मात्र अस्सल जपानी!

या गोष्टीची सुरुवात कॉफीच्या मळ्यांत होते. ब्राझीलने १८८८ मध्ये गुलामगिरी रद्द केली आणि मळ्यांना मजूर कमी पडू लागले. पुढे इटलीहून येणारा ओघही आटला. १९०८ च्या एप्रिलमध्ये कोबेहून निघालेलं ‘कासातो मारू’ जहाज १८ जूनला सांतोस बंदराला लागलं. करारावर आलेले ७८१ जपानी त्यातून उतरले. चार पैसे गाठीला बांधून परतायचं, हाच बहुतेकांचा बेत होता.

पहिली अडचण ताटातच आली. जपानमध्ये अझुकी या कडधान्याचे लाल दाणे साखर घालून शिजवायचे आणि त्यांचं आपल्या पुरणासारखं सारण करायचं, ही सवय. इथे घेवडा मीठ, लसूण आणि डुकराची चरबी घालून रटरटत होता. भात तर त्याहून वेगळा. जपानी भात चिकट, काड्यांनी उचलता येणारा. ब्राझीलचा लांब दाण्याचा तांदूळ तेल-लसणावर परतून शिजवलेला, दाणा न् दाणा सुटा. मग या लोकांनी हाताशी असेल त्यातून घरची चव उभी केली. कच्च्या पपईचं लोणचं घातलं. उमेबोशी या खारट-आंबट फळाच्या जागी लाल अंबाडीची बोंडं मुरवली. ब्राझीलमध्ये बनणाऱ्या सोया सॉसमध्ये आजही गव्हाऐवजी बऱ्याचदा मका असतो.

पास्तेलची कथा याच स्थलांतरातली. पातळ पारीत खिमा किंवा चीज भरून कढईत फुगवून तळलेला हा पदार्थ साओ पावलोच्या आठवडी बाजारांत उसाच्या रसाबरोबर खातात. चिनी तळलेल्या गुंडाळीवरून तो घडला आणि जपानी विक्रेत्यांनी बाजारोबाजारी नेला, असं सांगितलं जातं.

ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. ब्राझीलमध्ये महागाई बेसुमार वाढली, तर जपानच्या कारखान्यांना माणसं मिळेनाशी झाली. १९९० मध्ये अमलात आलेल्या कायद्यातल्या बदलाने परदेशस्थ जपानी वंशजांना, अगदी तिसऱ्या पिढीपर्यंत, जपानमध्ये राहून काम करण्याची मुभा मिळाली. मोटारी आणि विजेची उपकरणं बनवणाऱ्या ओइझुमीत ब्राझीलमध्येच राहिलेल्या त्या मजुरांची नातवंडं येऊन दाखल झाली. घर सोडून कमाईला जाणाऱ्यांसाठी जपानीत ‘देकासेगी’ हा शब्द आहे. तोच आता त्यांना चिकटला.

आणि आजोबा ज्या चिकट भातासाठी झुरले, तो समोर आल्यावर नातवाला आठवला मोकळा भात. पोर्तुगीजमध्ये त्याला ‘सोल्तिन्यू’ म्हणतात, सुटासुटा. ओइझुमीतल्या ब्राझिलियन खाणावळींत त्याच्यावर घेवड्याचं दाट कालवण येतं आणि बाजूला फारोफा, म्हणजे लोणी किंवा तेलात खमंग भाजलेलं कसाव्याचं पीठ. ब्राझीलमध्ये फेजुआदाचा खास वार शनिवार. काळा घेवडा डुकराच्या निरनिराळ्या तुकड्यांबरोबर तासन् तास शिजवायचा, सोबत परतलेली हिरवी पालेभाजी आणि संत्र्याच्या फोडी. गोव्यातही फेजुआदा होतो, पण तिथे त्यात ‘चोरीस’ हे मसालेदार सॉसेज पडतं. पिकान्या हा गोमांसाचा तुकडा चरबीच्या पट्टीसकट सळईला लावतात. मसाला एकच, जाडं मीठ.

२००७ मध्ये जपानमधल्या ब्राझिलियनांची संख्या तीन लाखांवर गेली होती. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली आणि सगळ्यांत आधी कंत्राटी कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. २००९ मध्ये सरकारने परतीसाठी कामगाराला ३ लाख येन आणि कुटुंबातल्या प्रत्येकाला २ लाख येन देऊ केले. अट अशी की, तूर्त त्याच व्हिसावर परत यायचं नाही. सुमारे २० हजार लोक निघून गेले. ज्या देशाने वंशाच्या नात्याने बोलावलं, त्यानेच तिकीट हातात ठेवावं, हे अनेकांच्या जिव्हारी लागलं. तरी दोन लाखांच्या आसपास लोक आजही तिथे आहेत.

त्यांच्याबरोबर एक छोटा पाव जपानमध्ये रुजला. त्याचं नाव ‘पाँव दी केजू’, म्हणजे चीजचा पाव. आपला ‘पाव’ आणि जपानी ‘पान’ हे दोन्ही शब्द याच पोर्तुगीज ‘पाँव’मधून आले. या पावात गहू नसतो. आपला साबुदाणा ज्या कसाव्याच्या पिठापासून होतो, तेच पीठ, चीज, अंडी आणि दूध मळून गोळे भाजतात. वरून कडक, आत तार सुटेल असे लवचिक. जपान्यांनी त्याला ‘पोन दे केजो’ म्हणून आपलंसं केलं. २००३ मध्ये तिथल्या ‘मिस्टर डोनट’ने ‘पोन दे रिंग’ हा डोनट आणला, त्याचं नावही यावरूनच.

हा पाव चावताना जपानी माणसाच्या तोंडी सहज येणारा शब्द ‘मोचीमोची’. मूळ शब्द मोची, चिकट तांदूळ कुटून केलेला गोळा.