भुकटी दाबावी किती?

कापडाच्या गाठी बांधणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही : माल सैल भरला तर भाडे हवेचे भरावे लागते आणि प्रेस जास्त आवळला तर कापड खराब होते. हायड्रोजन वायू साठवण्याच्या कामात आज हाच सवाल आहे.

हायड्रोजन फार हलका. एक किलो वायू साध्या हवामानात 11 ते 12 घनमीटर जागा खातो. म्हणून मोटारीत तो 700 बार दाबाने कोंबतात, नाहीतर उणे 253 अंशांवर द्रव करतात. दोन्ही प्रकार खर्चाचे. तिसरा मार्ग म्हणजे सच्छिद्र भुकटीच्या पोटात वायू चिकटवून ठेवणे. धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळीची 'मॉफ-5' ही अशी भुकटी ओमर याघी यांनी 1999 साली जाहीर केली. अम्मानमध्ये फिलिस्तीनी निर्वासितांच्या घरी जन्मलेल्या याघींना 2025 चे रसायनशास्त्राचे नोबेल, आणखी दोघांसोबत, मिळाले. या भुकटीच्या दोन-तीन ग्रॅममधील छिद्रांचे क्षेत्रफळ फुटबॉलच्या मैदानाएवढे भरते.

पण भुकटी ती भुकटीच. सैल भरली तर एका घनसेंटिमीटरात जेमतेम 0.13 ग्रॅम मावते. अखंड स्फटिकात हेच वजन 0.6 ग्रॅम असते. म्हणजे टाकीची तीन-चतुर्थांशाहून जास्त जागा दाण्यांमधल्या पोकळीने अडवली. शिवाय वायूबरोबर भुकटी उडून नळ्यांत बसते ते वेगळेच. म्हणून औषधाच्या गोळ्या पाडतात तशा हिच्या वड्या दाबतात. येथे हात सांभाळावा लागतो. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत सुमारे 0.5 ग्रॅमपर्यंत दाबल्यावर तेवढ्याच जागेत तिपटीहून जास्त वायू मावला आणि वजनामागचा साठा 15 टक्क्यांच्या आसपासच घटला. त्यापुढे दाबत गेले की जाळीच कोसळते.

वडी मजबूत व्हावी म्हणून चिकटा घालता येतो, पण तो छिद्रांची तोंडे बुजवतो आणि स्वतः वायू धरत नाही. खळ चढवून कापडाचे वजन वाढवणारे आपल्या बाजारात कमी नाहीत. येथे ती चलाखी चालत नाही. मिसळायचेच तर ग्राफाइट मिसळतात, कारण वायू चिकटताना उष्णता निघते आणि ती बाहेर न गेल्यास वडी वायू कमी धरते. दमट हवा लागली की मॉफ-5 बिघडते, म्हणून काम कोरड्या जागेत करावे लागते.

मोठी अडचण थंडीची आहे. हा भरघोस साठा उणे 196 अंशांच्या आसपासच मिळतो, साध्या तापमानाला वायू फारसा चिकटत नाही. म्हणून हायड्रोजनवर धावणाऱ्या मोटारींत अजून 700 बारच्याच टाक्या बसतात.