कृतज्ञता शिकविण्याची रीत

‘माझ्यावरील उपकार’ अथवा ‘माझे आवडते गुरुजी’ हे विषय आपल्या शाळांतून निबंधासाठी वरचेवर दिले जातात. वह्या तपासावयास घेतल्या म्हणजे बहुतेकींत तीच ती वाक्ये आढळतात. आई प्रेमळ आहे, वडील कष्टाळू आहेत, गुरुजी देवासमान आहेत, त्यांचे ऋण फिटणार नाही. भाषा शुद्ध असते, अक्षरही नेटके असते. परंतु हे कोणत्या आईविषयी व कोणत्या गुरुजींविषयी लिहिले आहे, याचा उलगडा होत नाही. अशा निबंधास गुण देता येतात. मुलावर संस्कार झाला, असे मात्र म्हणता येत नाही.

‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड केली की त्याचा अर्थ स्पष्ट होतो. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले, हे जो नेमके जाणतो तो कृतज्ञ. तेव्हा कृतज्ञतेचा आरंभ स्तुतीपासून नव्हे, तर जाणण्यापासून होतो.

राजगडाच्या पाली दरवाजाखालील पाली गावाचेच उदाहरण घेऊ. भातलावणीच्या दिवसांत तेथील एखादे मूल भर पावसात वेळेवर शाळेत येते. त्याचे येणे आपल्याला हजेरीपटावरील एका खुणेएवढे दिसते. परंतु त्या दिवशी आईने चिखलात उतरण्यापूर्वी भाकरी करून ठेवलेली असते, आजीने धाकट्यास सांभाळण्याचे पत्करलेले असते, गुरांमागे त्याच्याऐवजी दुसरे कोणी गेलेले असते. हे सारे मुलाच्या डोळ्यांसमोर घडते. मात्र ते आपल्यासाठी घडत आहे, हे त्याला कोणी दाखवून दिलेले नसते.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगणे मला कर्तव्य वाटते. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी भोर तालुक्यातील एका शाळेत शिक्षक होतो. चौथीच्या एका मुलीने ‘माझी आई’ या निबंधात आईऐवजी आपल्या थोरल्या बहिणीविषयीच लिहिले. ताई शाळा सोडून घरी राहिली, ती धाकट्या भावास सांभाळते, म्हणून मला शाळेत येता येते, असे तिने लिहिले होते. मी लाल शाईने ‘विषय सोडून लेखन’ असा शेरा मारला व वही परत दिली. त्या वर्षीच्या सर्व वह्यांत खरी कृतज्ञता त्या एकाच वहीत होती. एवढेच नव्हे, तर शाळेबाहेर पडलेल्या एका मुलीची वर्दीही तीत होती. मी त्या घरी गेलो नाही. थोरली मुलगी पुन्हा शाळेत आली नाही.

आज असे घडण्याचे कारण नाही. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या, शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयास अनुरूप अशा वर्गात प्रवेश मिळण्याचा व मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिक्षणाचा हक्क दिला आहे. परंतु असे मूल घरात आहे, हे प्रथम शिक्षकास कळावे लागते. आणि पुष्कळदा ते निबंधाच्या वहीतूनच कळते.

कृतज्ञता जाणण्यावर थांबत नाही, याचे उत्तम उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे आहे. त्यांचा जन्म १८५८ सालचा. कोकणातील मुरूड गावी, बेताच्या स्थितीच्या घरात ते वाढले. तेथील शिक्षक विनायक लक्ष्मण सोमण यांनी त्यांना लोकसेवेची पहिली दीक्षा दिली. १८७५ साली परीक्षेस बसण्यासाठी कर्वे मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभर मैलांहून अधिक वाट पायी तुडवीत गेले. परंतु ते वयाने लहान दिसतात, या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढील वर्षी कोल्हापुरास जाऊन त्यांनी ती परीक्षा दिली. १८८१ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते.

१९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्ता’त त्यांनी घरचे वळण व सोमण गुरुजींचे ऋण आदराने नोंदविले. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की, १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. जेथे शाळा नव्हती अशा खेड्यांत ती काढावी, हा त्याचा हेतू होता. खेड्यातील एका मराठी शाळेत जे मिळाले, ते साठ वर्षांनंतर अनेक खेड्यांतील मुलांच्या पदरी पडावे, अशी ही फेड होती. गुरुजींचे ऋण गुरुजींना परत करावयाचे नसते. ते पुढे द्यावयाचे असते.

वर्गात पुढील गोष्टी करून पाहाव्यात.

१. ‘उपकार’ असा मोठा शब्द विषयात घालू नये. ‘आज मी शाळेत यावे म्हणून घरी कोणी काय केले?’ असा साधा प्रश्न द्यावा.

२. ‘गेल्या वर्षी मला काय येत नव्हते व आज काय येते?’ हे मुलास लिहू द्यावे. स्वतःची प्रगती दिसल्याखेरीज ती कोणामुळे झाली, याचा विचार सुचत नाही.

३. स्वतःविषयी निबंध लिहून घेऊ नये. ज्यांच्या हाती गुण आहेत त्यांची स्तुती करावयास लावणे म्हणजे मुलास खुशामत शिकविणे होय.

४. आईवडिलांचे छत्र नसलेल्या मुलाची कुचंबणा होऊ देऊ नये. ज्याने सांभाळले त्याच्याविषयी त्याने लिहावे. इच्छा नसल्यास लिहू नये.

५. लेखनानंतर एक लहान कृती जोडावी. चौथीच्या मुलाने पहिलीच्या मुलास रोज दहा मिनिटे वाचून दाखवावे.

६. शुद्धलेखनाच्या चुका जरूर दाखवाव्यात, परंतु आधी मजकूर वाचावा. त्यात घरची अडचण दिसल्यास त्याच आठवड्यात त्या घरी जाऊन यावे.

निबंधाची वही हे मुलाने आपणांस लिहिलेले पत्र आहे. माझ्याकडे आलेल्या अशा एका पत्रास मी केवळ शेरा पाठविला. आपण उत्तर पाठवावे, एवढीच माझी विनंती आहे.