बंद नळातील पाण्याचा खरा हिशेब

पाणीपट्टी पाण्याच्या मापावर ठरत असेल, तर ते माप बिनचूक असणे हा न्यायाचा प्रश्न होय. महाराष्ट्रात २००५ च्या अधिनियमाने पाणी वापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद झाली. उघड्या पाटातील पाणी मोजपट्टीच्या साहाय्याने मोजता येते. बंद नळास मात्र यंत्र लागते. नळात खोचावयाचा चुंबकीय प्रवाहमापक हे असेच एक यंत्र आहे. शहरांच्या मोठ्या जलवाहिन्यांवर व कारखान्यांच्या पाण्याच्या नळांवर त्याचा उपयोग होतो. उपसा सिंचनाच्या मुख्य नळासही ते उपयुक्त आहे.

विद्युत्‌वाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्रातून जाऊ लागला की त्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले हेच तत्त्व येथे वापरले आहे. नदीचे वा विहिरीचे पाणी त्यातील क्षारांमुळे विद्युत्‌वाहक असते. मापकाच्या दांड्याच्या टोकाशी विद्युत्‌चुंबक व दोन विद्युत्‌अग्रे असतात. पाण्याचा वेग वाढला की अग्रांमधील दाबही वाढतो. फिरते चक्र नसल्याने गाळामुळे यंत्र अडण्याचे भय नसते. शिवाय नळ न कापता, छिद्रावर बसविलेल्या झडपेतून दांडा आत सारता येतो. त्यामुळे मोठ्या नळास हा मापक स्वस्त पडतो.

तथापि, तो एकाच ठिकाणचा वेग पाहतो. नळाच्या मध्यभागी वेग अधिक, तर कडेस कमी असतो. म्हणून दांडा उत्पादकाने सांगितलेल्या खोलीवरच बसवावा. वेगास नळाच्या आतील छेदाच्या क्षेत्रफळाने गुणले म्हणजे प्रवाह मिळतो. आतील व्यास ३०० मिलिमीटर व सरासरी वेग सेकंदास १.५ मीटर असल्यास सेकंदास सुमारे १०६ लिटर पाणी वाहते. व्यास प्रत्यक्षात २९० मिलिमीटर असून यंत्रात ३०० नोंदला, तर माप सुमारे ७ टक्के जास्त दिसेल आणि न घेतलेल्या पाण्याची पट्टी सभासदांवर बसेल.

यास्तव ग्रामसेवकांनी व संस्थेच्या चालकांनी पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. मापकाजवळ नळ पूर्ण भरून वाहावा.
२. मापकापूर्वी नळाच्या व्यासाच्या निदान दहापट व नंतर पाचपट लांबीचा नळ सरळ असावा. वाकण किंवा झडप जवळ असल्यास अधिक अंतर ठेवावे.
३. आतील व्यास प्रत्यक्ष मोजून नोंदवावा.
४. विद्युत्‌अग्रांवरील क्षारांचा थर वेळोवेळी काढावा.
५. पंप बंद करून नळातील पाणी स्थिर असता मापकाने शून्य दाखवावे.

ही तपासणी सभासदांसमक्ष करून वहीत नोंदविल्यास पाण्याच्या हिशेबाविषयी संशयास जागा उरणार नाही.